आजोबा सगळ्यांच्या नंतर हसतात

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. आठवड्यातले पाच दिवस सकाळी प्रॅक्टिकल, दुपारी लेक्चर आणि रात्री मैत्रिणीची जर्नल समोर ठेवून आपली पूर्ण करणं यात जातात. सहावा दिवस झोपेचा. उरलेला एक घरच्यांचा, आणि महिन्यातून एकदा त्या दिवशी आम्ही सहाजण सिनेमाला जातो. आजी, आजोबा, आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी.

मैत्रिणींबरोबरचा सिनेमा दोन मिनिटांत ठरतो, वर लेक्चर बुडवल्याचा आनंद. घरच्यांबरोबर जायचं तर तीन दिवस आधीपासून वाटाघाटी. आजीला मारामारी नको, भावाला रडारड नको, बाबांना तीन तास बसवत नाही आणि आई म्हणते, "कुठलाही चालेल," मग तिला एकही चालत नाही. आजोबा कधीच काही बोलत नाहीत. बरीच वर्षं मी समजत होते की त्यांना सगळंच आवडतं.

गेल्या खेपेला विनोदी सिनेमा होता. सगळं थिएटर हसलं आणि जरा मागून आजोबा हसले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी पडदा सोडून त्यांच्याकडे बघत बसले. त्यांची मान आईकडे वळलेली होती. आई हसली की आपण हसायचं, असा त्यांचा हिशेब. बहुतेक दरवेळचाच.

घरी आल्यावर विचारलं तर म्हणाले, "ऐकू येतं गं सगळं, कळत नाही." आम्हाला ते तुसडेपणाचं वाटायचं. पण त्यामागे सरळ विज्ञान आहे. वयाबरोबर कान जातो तो बहुतेकांचा उंच पट्टीच्या आवाजांपासून. आपल्या बोलण्यातला जोर असतो स्वरांत, ते खालच्या पट्टीत. शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून, आणि त्यातली स, श, त, फ ही मंडळी उंच पट्टीत आणि दुबळी. म्हणजे 'साप', 'ताप' आणि 'शाप' यांतला 'आप' नीट पोचतो, पुढचं आपण अंदाजाने भरायचं. पार्श्वसंगीत चालू असलं की अंदाजही चुकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे साठीच्या पुढच्या २५ टक्क्यांहून अधिक लोकांना ऐकण्याचा अडचण व्हावी इतका त्रास असतो. म्हणजे दर चार आजी-आजोबांमागे एक तरी. आमच्या घरात दोन आहेत, त्यात एकाने नंबर लावला.

आम्ही काय काय करून पाहिलं ते सांगते, कारण त्यात आमचीच फजिती जास्त आहे. आधी बाबांनी त्यांना मुद्दाम भिंतीच्या कडेला, स्पीकरच्या बरोबर खाली बसवलं. जवळ बसले की ऐकू येईल! पण संवाद बहुतेक करून पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. आवाज जावा म्हणून पडद्यालाच बारीक भोकं पाडलेली असतात. भिंतीवरच्या स्पीकरमधून येतो तो पाऊस, गर्दी, संगीत. बिचारे आजोबा अख्खा सिनेमा पावसात बसले.

मग मी शेजारी बसून कानात कुजबुजायला लागले. पुढच्या रांगेतल्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं, आणि आजोबांना तरीही काही कळलं नाही. का ते मला पुढे ध्वनीचा धडा शिकताना उमगलं. कुजबुजताना आपले स्वरतंतू थरथरत नाहीत, नुसती हवा फुसफुसते, आणि त्यात खालची पट्टी जवळजवळ नसतेच. जो आवाज त्यांना येत नाही नेमका तोच मी दोन तास त्यांच्या कानात ओतत होते.

कानाचं मशीन आहे त्यांच्याकडे. थिएटरात ते स्फोटही वाढवून ऐकवतं, म्हणून मध्यंतराआधीच ते काढून शर्टाच्या खिशात टाकतात, बंद न करता. एकदा ऐन गंभीर प्रसंगात त्या खिशातून बारीक शीळ वाजायला लागली. (मशीनच्या स्पीकरचा आवाज त्याच्याच माइकमध्ये परत शिरला की असं होतं.) मागून कोणीतरी "अहो, फोन बंद करा" म्हणून ओरडलं. अख्खी रांग आपापले फोन चाचपत होती. शांत बसले होते ते फक्त आजोबा, कारण ती शीळ त्यांना ऐकूच येत नव्हती.

अशा बऱ्याच मशीनमध्ये एक चिमुकली कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, असते, तिची खूण 'टी'. सभागृहाभोवती तारेचा फेरा घातला आणि संवाद त्यातून विद्युतप्रवाहाच्या रूपात सोडला, तर ती कॉइल तो थेट पकडते, आजूबाजूचा गलका वगळून. बदलत्या चुंबकत्वाने तारेत वीज उपजते, हे फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवलेलं तत्त्वच हे. प्रॅक्टिकलला आम्ही कॉइलमध्ये चुंबक आत-बाहेर करून गॅल्व्हनोमीटरचा, म्हणजे विद्युतप्रवाह दाखवणाऱ्या यंत्राचा, काटा हलवतो तेच. आम्ही जातो त्या थिएटरात असा फेरा नाही. खर्चाचं आणि बांधकामाचं काम आहे, मी लगेच त्याचा हट्ट धरत नाही.

माझं मागणं त्याहून स्वस्त आहे: सबटायटल. आणि सिनेमा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत.

घरी टीव्हीवर आम्ही ती सहज म्हणून एकदा लावली. त्या रात्री आजोबा सगळ्यांच्या आधी हसले. अक्षरं पात्राच्या तोंडातून वाक्य पुरं व्हायच्या आत येतात ना! भाऊ वैतागला, त्याचा विनोद फुकट गेला. आजोबांनी त्या दिवशी पहिल्यांदा सिनेमावर टीका केली, नायक मूर्ख आहे म्हणाले, आणि त्यावर आजीशी अर्धा तास वाद घातला. सगळं आवडणारे आजोबा त्या रात्री संपले, आणि मला हे नवे जास्त आवडले.

खरं तर सिनेमा जन्मला तोच मुका. १८९५ साली पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून तो दाखवला तेव्हापासून पुढची तीसेक वर्षं कमी ऐकणारा माणूस आणि इतर प्रेक्षक पडद्यासमोर जवळपास सारखेच होते. गोष्ट सांगायला मधे मधे अक्षरांच्या पाट्या यायच्या. ऑक्टोबर १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' आला, पडदा बोलू लागला आणि हळूहळू पाट्या गेल्या. एमर्सन रोमेरो नावाचा एक बहिरा नट मूकपटांत काम करायचा. १९४७ साली त्याने जुन्या बोलपटांची रिळं कापून मधे पुन्हा पाट्या चिकटवल्या, आपल्यासारख्यांना बघता यावेत म्हणून. त्याला त्यासाठी कात्री घ्यावी लागली. आता बहुतेक ठिकाणी सिनेमा फायलींच्या रूपात येतो, चित्राची फाइल वेगळी, आवाजाची वेगळी, सबटायटलची वेगळी. निर्मात्याने ती पाठवली असेल तर प्रोजेक्टरवाल्याने फक्त निवडायची.

मी तिकीट खिडकीवर जाऊन हे विचारलं. तिथल्या गृहस्थांनी सभ्यपणे उत्तर दिलं, "लोक कुरकुरतात, ताई. पडदा खराब दिसतो म्हणतात." हेच लोक परभाषेतला सिनेमा तीन तास वाचत बघतात तेव्हा पडदा खराब होत नाही. तरी भावाचा वैताग मी पाहिलाय, त्यामुळे त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावत नाही. खुर्चीला लावायचा अक्षरांचा छोटा पडदा किंवा अक्षरं दाखवणारा चष्मा हेही उपाय निघालेत. पण आजोबांकडे आधीच एक चष्मा आणि एक मशीन आहे. तिसरी वस्तू हातात दिली तर ते घरीच बसतील.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग हक्क करारात कलम ३० मध्ये सिनेमा सर्वांना वापरता येईल अशा रूपात मिळावा असं म्हटलंय. मी ते आजोबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी काय अपंग आहे?" म्हणून या पत्रात कलमाचा धाक नको.

थिएटरवाल्यांना एवढंच सांगणं आहे की आठवड्यातून एक खेळ सबटायटलसह ठेवा. रिकाम्या दुपारचा ठेवलात तरी चालेल, आमच्याकडे त्या वेळी मोकळे असणारे दोघे आहेत, आणि हजेरी पुरेशी असेल तर तिसरी मी.

तुम्हालाही एक विनंती. तुमच्या पानावर सिनेमांच्या वेळा छापता, त्यात असा खेळ असला की शेजारी एखादी खूण टाका. आजोबा पेपर मागच्या पानापासून वाचायला घेतात आणि तो रकाना पेन घेऊन वाचतात. खूण कुठलीही चालेल, फक्त बारीक नको. चष्मा आहे, पण सकाळच्या वेळी तो सापडतोच असं नाही.

आपली नम्र,
एक कॉलेज विद्यार्थिनी