परराष्ट्रमंत्री महोदय, कैरोशी बोलताना कैद्यांचा विषय काढा

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

सप्रेम नमस्कार.

मार्च २०१३ मध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मोर्सी दिल्लीत आले, तेव्हा जनतेने निवडून दिलेला नेता म्हणून आपल्या देशाने त्यांचं स्वागत केलं. ३ जुलैला त्यांच्याच संरक्षणमंत्र्यांनी, जनरल अब्देल फतह अल-सिसी यांनी, त्यांना पदच्युत करून कैदेत टाकलं. तेच सिसी २०२३ च्या प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे होते. इजिप्तशी संबंध तोडा, असं माझं म्हणणं नाही. सुएझ कालव्याचं महत्त्व मलाही कळतं. पण या मैत्रीत जे बोललं जात नाही, त्याची मला काळजी वाटते.

मोर्सी ज्या इस्लामी संघटनेचे, त्या मुस्लिम ब्रदरहूडचा मी समर्थक नाही. धर्माच्या नावावर मतं मागणारं राजकारण मला कुठेच नको आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मोर्सींनी स्वतःचे निर्णय न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेले, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांचा संताप रास्तच होता. पण त्या संतापाची जागा मतपेटीत होती. लष्कराने ती हिसकावली आणि १४ ऑगस्ट २०१३ ला कैरोच्या राबा चौकात धरणं धरून बसलेल्या मोर्सी समर्थकांवर गोळ्या चालवल्या. ह्यूमन राइट्स वॉचच्या नोंदीप्रमाणे त्या एका चौकात किमान ८१७ माणसं मारली गेली.

हे आधी अल्जेरियात घडून गेलं होतं. २६ डिसेंबर १९९१ रोजी तिथे संसदीय निवडणुकीची पहिली फेरी झाली आणि इस्लामिक साल्व्हेशन फ्रंट या इस्लामी पक्षाने ४३० पैकी १८८ जागा पहिल्याच फटक्यात जिंकल्या. दुसरी फेरी १६ जानेवारी १९९२ ला व्हायची होती. ११ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष शादली बेनजदीद यांना पायउतार व्हावं लागलं, निवडणूक रद्द झाली, मार्चमध्ये पक्षावर बंदी आली आणि हजारो कार्यकर्त्यांना सहारातल्या छावण्यांत नेऊन डांबलं. प्रचाराची पत्रकं वाटणारी तरुण पोरं तिथे कोणाच्या शेजारी बसली असतील, याचा विचार करा. निवडणूक म्हणजे फसवणूक आहे, हे सांगणारे तिथे होतेच. आता त्यांना पुरावा मिळाला होता. पुढे सशस्त्र इस्लामी गट, म्हणजे जीआयए, इतका माथेफिरू झाला की साल्व्हेशन फ्रंटच्या लोकांनाही त्याने सोडलं नाही. सप्टेंबर १९९७ मध्ये राजधानीलगतच्या बेंतल्हात एका रात्रीत शेकडो गावकरी कापले गेले. जवळच लष्कराचे तळ होते, मदतीला कोणी आलं नाही. त्या दशकात दीड ते दोन लाख माणसं गेली असं मानलं जातं. त्याच यादवीतून निघालेल्या एका गटाने २००७ मध्ये अल-कायदाचं नाव घेतलं.

इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पातला हिंसाचार मोर्सींच्या पतनाने सुरू झाला, असं म्हणणं खोटं ठरेल. ऑगस्ट २०१२ मध्येच तिथे १६ इजिप्शियन सैनिक मारले गेले होते. पण २०१३ नंतर तो अनेक पटींनी भडकला. तिथल्या अन्सार बैत अल-मकदिस या सशस्त्र संघटनेने नोव्हेंबर २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटशी निष्ठा जाहीर केली. अल-कायदाचा अयमान अल-जवाहिरी तर निवडणुका लढवतात म्हणून ब्रदरहूडवर कैक वर्षं तुटून पडत आला होता. त्याचं म्हणणं लष्कराने खरं करून दाखवलं, याचा मला सर्वांत जास्त राग आहे.

'हे इस्लामी पक्ष एकदा निवडून आले की पुन्हा निवडणूक घेणार नाहीत' ही भीती आपल्या मंत्रालयातही असेल, आणि ती उगाच नाही. पण ट्युनिशियात निवडून आलेल्या एन्नहदा या इस्लामी पक्षाने वाटाघाटी करून जानेवारी २०१४ मध्ये सरकार सोडलं. कामगार संघटना, वकील आणि नागरी संस्थांनी जोर लावला, रणगाडे लागले नाहीत. त्याच पक्षाचे वयोवृद्ध नेते राशिद घनुशी यांना एप्रिल २०२३ मध्ये अटक झाली. त्यांच्या तरुण कार्यकर्त्यांना संयमाबद्दल आता कोणत्या तोंडाने सांगायचं?

मोर्सी १७ जून २०१९ रोजी खटला चालू असताना न्यायालयातच कोसळले आणि गेले. त्यांच्यासाठी काही करता येणार नाही. पण केवळ राजकीय मतांसाठी डांबलेली हजारो माणसं इजिप्तच्या तुरुंगांत आहेत. कैरोशी पुढची बैठक होईल तेव्हा त्यांच्या सुटकेचा विषय चर्चेच्या यादीत लेखी घाला, आणि ट्युनिसशी बोलताना घनुशींचा. उत्तर काय मिळालं, ते संसदेत सांगा.

आपला,
एक मतदार