रक्तातले आणि हातातले

प्रिय अनंत,

सप्रेम नमस्कार.

आतड्याच्या कर्करोगावरील केमोचा शेवटचा डोस पार पडल्याचे वाचून हायसे वाटले; मात्र ‘वडील याच आजाराने गेले, ते आमच्या रक्तातच आहे, मग आता चालून काय होणार?’ हे तुझे वाक्य चार दिवस मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

रक्ताची गोष्ट खरी असू शकते. १८९५ मध्ये अमेरिकेतील ॲन आर्बर येथे शिवणकाम करणाऱ्या एका बाईने डॉ. ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितले होते की, घरातले कित्येक जण कर्करोगाने गेले, तशीच मीही जाईन. आणि ती तशीच गेली. तिच्या कुळातला तो दोष आज लिंच सिंड्रोम म्हणून ओळखला जातो. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांपैकी एक अशा माणसांत जन्मतःच बिघडलेले असते.

पण तिच्या काळी कोणालाच ठाऊक नसलेली एक गोष्ट तू लक्षात घे. अशा माणसांच्या कर्करोगाच्या गाठींत या चुका इतक्या साचतात की शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना परके म्हणून ओळखू शकते. त्यामुळे रोग दूरवर पसरलेला नसेल तर असे रुग्ण बहुधा इतरांपेक्षा अधिक तग धरतात, आणि रोग उलटलाच तर प्रतिकारशक्तीलाच कामाला लावणारी इम्युनोथेरपी त्यांना विशेष लागू पडते. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीच्या जपून ठेवलेल्या तुकड्यावर एमएमआर तपासणी, म्हणजे चुका दुरुस्त करणारी ती यंत्रणा शाबूत आहे का याची तपासणी, झाली आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचार. जन्मजात दोष निघाला तर सुलूताईचीही रक्ततपासणी हवी. तिच्यात तो असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि असल्यास दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करून पॉलिप म्हणजे आतड्यातले कोंब वेळीच काढता येतात.

आता चालण्याविषयी. केमो संपलेल्या, आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवर मुख्यत्वे कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्ध्या रुग्णांना केवळ आरोग्यविषयक पुस्तिका दिल्या, तर उरलेल्यांकडून प्रशिक्षकांनी तीन वर्षे नियमित व्यायाम करून घेतला. अनेकांसाठी तो आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तास ते तासभर झपझप चालण्याइतकाच होता. आठ वर्षांनी व्यायाम करणाऱ्यांपैकी ९०.३ टक्के, तर दुसऱ्या गटातील ८३.२ टक्के रुग्ण हयात होते. एखाद्या गोळीने इतका फरक पडला असता, तर तू ती एक दिवसही चुकवली नसतीस.

केमोने तळपाय बधिर झाले असतील, तर आधी डॉक्टरांना दाखव आणि दहा मिनिटांपासून सुरुवात कर. त्या रुग्णांमागे प्रशिक्षक होते. तुझ्यामागे मी आहे. रोज सायंकाळी साडेसहाला मी येथे चालायला निघतो, त्याच वेळी तू तेथे निघ, आणि घरी परतलास की मला फोन कर.

तुझा,
माधव