ताई, ‘पारंपरिक’च्या जागी तुम्ही माझं नाव लिहिलंत

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे छापायचं नाही, असं तुम्ही दोनदा बजावलंत. म्हणून या पत्रात नुसतं ताई म्हणतो. माझ्या गाण्यांवर तुम्ही माझं नाव आणून दिलंत, त्याचे आभार घरी येऊनही मानले असते, पण आपल्या सोलापुरात माझ्यासारखे गाणी रचणारे अजून बरेच जण आहेत. त्यांची गाणी जत्रेत वाजतात, रिक्षात वाजतात आणि गल्लीतल्या माणसालाही ठाऊक नसतं की ही यांची. त्यांच्या हाती हे पत्र पडावं, म्हणून उघड लिहितोय.

मी तीस वर्षं यंत्रमागावर काढली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीचा माग, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. धोट्याची खटखट एकदा कानात बसली की तिच्यावर शब्द आपोआप बसायचे. कांडी संपून माग थांबला की तेवढ्यात खिशातल्या कागदावर ओळ लिहून ठेवायची. 1996 साली आपल्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांवरची आठ गाणी एका कंपनीला कॅसेटसाठी दिली. अडुसष्ट लिंगांवर एक, नंदीध्वजाच्या काठ्यांवर एक, अक्षता सोहळ्यावर एक, अशी. शब्द माझे, चाली माझ्या. पेटी मांडीवर घेऊन रात्रीच्या गाडीने गेलो, एका दिवसात आठही गाणी रेकॉर्ड झाली. हातावर पैसे ठेवले, एका पावतीवर सही घेतली.

महिन्याभराने कॅसेट आली. आतला घडीचा कागद उलगडला. गायकाचं नाव मोठ्या अक्षरात, वादकांची नावं बारीक, रेकॉर्डिंग करणाऱ्याचंही नाव होतं. ‘गीत-संगीत’पुढे छापलं होतं, ‘पारंपरिक’. विचारायला गेलो तर पुढच्या छपाईत बदलू म्हणाले. पुढची छपाई झाली, तीच अक्षरं पुन्हा आली. माझ्या आईला वाचता येत नव्हतं. दिवसभर विड्या वळून आली होती, हाताला तंबाखूचा वास होता. तिने विचारलं, तुझं नाव कुठं आहे? मी त्या ‘पारंपरिक’वर बोट ठेवलं आणि म्हणालो, हे बघ, इथं. तिने त्या अक्षरांवरून हात फिरवला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यात आधी तुम्हाला सांगितलं.

कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, मग मोबाइल. गाणी मात्र राहिली. तीनेक वर्षांपूर्वी सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर एका खेळण्यांच्या दुकानात माझं काठ्यांचं गाणं लागलं होतं. नातीचा हात धरून मी तिथेच थांबलो. न राहवून दुकानातल्या पोराला म्हणालो, हे मी लिहिलंय. तो चांगल्या मनानेच म्हणाला, “काका, हे लई जुनं आहे की, पारंपरिक आहे.” मोबाइलवर काढून दाखवलं त्याने. तिथेही तेच लिहिलेलं होतं. नात माझ्याकडे बघत होती. तिला मी काय सांगणार होतो?

आपल्या जिल्ह्याची रीत खरं तर वेगळी. मंगळवेढ्याच्या चोखोबांनी शेवटच्या चरणात ‘चोखा म्हणे’ गुंफलं, म्हणून सातशे वर्षांनंतरही पंढरीच्या वाटेवर तो अभंग कुणाचा हे विचारावं लागत नाही. नामदेवांचं तसंच, जनाबाईंचं तसंच. ज्यांना देवळाच्या पायरीच्या पुढे जाऊ दिलं नाही, त्यांनीही आपलं नाव गाण्यात शिवून ठेवलं. आम्ही कॅसेटवाले गीतकार ते विसरलो. नाव घालायचं काम छापखान्यावर सोपवलं.

तुमच्या कलावंत संघटनेचा कागद मला पेटी दुरुस्तीच्या दुकानात भिंतीला चिकटवलेला दिसला. ‘सभासद नोंदणी व हक्क मार्गदर्शन, दर महिन्याचा दुसरा रविवार.’ पार्क चौकाजवळच्या त्या शाळेच्या वर्गात मी अगदी मागच्या बाकावर बसलो. वाटलं होतं, वर्गणी मागतील, फोटो काढतील, भाषण करतील. तुम्ही खडू घेतलात आणि फळ्यावर एक चादर काढलीत. म्हणालात, सूत एकाचं, नक्षी दुसऱ्याची, माग तिसऱ्याचा, आणि विकणारा चौथा. गाण्याचंही असंच. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, गळा गायकाचा, रेकॉर्डिंग ज्याने पैसे घातले त्याचं. चौघांचे हक्क वेगळे, आणि ते गोळा करायची ठिकाणंही वेगळी. शब्द आणि चालीसाठी 1969 पासूनची आयपीआरएस ही सोसायटी, गायकांसाठी 2013 साली निघालेली इसरा, जिचं नाव आता इसामरा झालंय. मागावर जन्म गेलेल्या माणसाला ते चित्र बघून पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग तुम्ही कायदा सांगितलात, तोही आम्हाला कळेल असा. कॉपीराइटचा कायदा 1957 चा. गाणं लिहिलं त्या क्षणी हक्क जन्माला येतो, त्यासाठी कुठे नोंद करायलाच हवी असं नाही. 2012 साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर त्यासाठी पोटतिडकीने बोलले होते. त्यानंतर गाणं कंपनीला दिलं तरी रॉयल्टीतला आपला वाटा गीतकाराला किंवा संगीतकाराला सोडून देता येत नाही. तो जातो फक्त वारसांकडे किंवा हक्क सांभाळणाऱ्या सोसायटीकडे. आणि शब्द-चालीचा हक्क माणूस गेल्यावरही साठ वर्षं राहतो. साठ! घरी जाताना मी नातीच्या वयात साठ मिळवत चाललो होतो.

माझी वही तुमच्यासमोर ठेवायला मला तीन रविवार लागले. निळ्या पुठ्ठ्याची, पाण्याने फुगलेली, मधली चार पानं उंदराने कुरतडलेली. तुम्ही ती दोन्ही हातांनी घेतलीत. पान उलटताना खाली कोरा कागद धरत होतात, तुकडे पडू नयेत म्हणून. आत ती 1996 ची पावती निघाली. तुम्ही ती दोनदा वाचलीत आणि म्हणालात, “काका, यात पैसे मिळाल्याची सही आहे. हक्क दिल्याचं एक अक्षर नाही. हक्क द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो.” सत्तावीस वर्षं मी ती पावती माझ्या चुकीचा पुरावा म्हणून जपून ठेवली होती.

त्यानंतरचं काम किती कटकटीचं होतं, हे बाहेरच्याला कळणार नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. आयपीआरएसच्या सभासदत्वाला आधार, पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक, बाहेर आलेल्या गाण्याचा पुरावा लागला. माझ्या आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळत नव्हतं, वडिलांच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे. त्यासाठी बँकेत तुम्ही माझ्याबरोबर आलात. मग एकेक गाण्याची नोंद: नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती, गायक कोण, कॅसेट कुठली, साल कुठलं. गाण्यांची नावं इंग्रजी अक्षरांत भरायची. ‘सिद्धरामा’त डी एक की दोन, शेवटी ए एक की दोन, प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिलेलं. तुम्ही माझं एकच गाणं पाच स्पेलिंगांनी शोधून काढलंत आणि पाचही पर्यायी नावांच्या रकान्यात भरलीत. कुठल्याही नावाने ते वाजलं तरी काकांपर्यंत पोचलं पाहिजे, म्हणालात. माझ्या तीन तेलुगू गाण्यांसाठी तुम्ही साखर पेठेतल्या एका आजींना फोन लावून उच्चार विचारलात. त्यांनी अख्खं गाणं म्हणून दाखवलं आणि आपण दोघं फोन मधे ठेवून ऐकत बसलो. वारसदाराच्या जागी नातीचं नाव घालताना तुम्ही विचारलंत, जन्मतारीख? ती मला पाठ होती.

आणि मग ते सातवं गाणं. तुम्ही चाल कुणाची असं विचारलंत, मी सवयीने म्हणालो, माझीच. तुम्ही पेन थांबवलंत. म्हणालात, म्हणून दाखवा. मी म्हटलं. तुम्ही विचारलंत, ही तुम्हाला सुचली कुठे? मी खरं सांगितलं. आई विड्या वळताना जी ओवी म्हणायची, तिचीच ही चाल. तिच्या आईकडून तिला आलेली. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, “मग काका, शब्दांपुढे तुमचं नाव घालू. चालीपुढे पारंपरिक लिहावं लागेल.”

त्या क्षणी मला राग आला होता, ताई. तोच शब्द, पुन्हा माझ्या गाण्यावर, आणि तोही तुमच्या हातून. मी उठून बाहेर गेलो, शाळेच्या नळावर पाणी प्यायलो. तिथे उभा असताना आई डोळ्यांपुढे आली. सूप मांडीवर, कात्रीने पान कापत, तोंडाने ओवी. ती चाल तिची होती, तिच्या आईची होती, त्या गल्लीतल्या सगळ्या बायकांची होती. माझ्या नावावर ती घेतली असती, तर माझ्याशी जे झालं तेच मी तिच्याशी केलं असतं. परत आलो आणि म्हणालो, लिहा. तुम्ही माझ्या बाजूने इतकं भांडलात, तरी एका रकान्यातही खोटं भरलं नाहीत, म्हणून उरलेल्या सात गाण्यांपुढचं माझं नाव मला पूर्ण खरं वाटतं.

कंपनीला तुम्ही पत्र पाठवलंत, वहीच्या पानांचे फोटो जोडलेत. दोन स्मरणपत्रं गेली. आठ महिन्यांनी तुमचा फोन आला, “काका, मोबाइल उघडा.” गाण्याखाली लिहिलं होतं, गीत व संगीत, आणि पुढे माझं नाव, काना-मात्रेसकट बरोबर. नातीने मोठ्याने वाचलं. बायकोने पुन्हा वाचायला लावलं. मधल्या काळात सभासद झाल्याचं पत्र आलं होतं, त्यावर माझा आयपीआय क्रमांक, म्हणजे गीतकार-संगीतकाराच्या ओळखीचा नंबर. तो मी वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवलाय. पहिला पैशाचा हिशेबही आला. रक्कम थोडी आहे, पण त्यात गाण्यांची नावं एकाखाली एक छापलीत आणि मी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय.

बाकीच्यांसाठी तुम्ही जे करता तेही इथे लिहायला हवं. आमच्या संबळवाल्या मित्राचा वृद्ध कलावंत मानधनाचा अर्ज तुम्ही भरून दिलात. त्याच्याकडे कार्यक्रमांचे पुरावेच नव्हते, तर जुन्या जत्रांच्या पत्रिका गावोगाव फिरून गोळा केल्यात. जुळे सोलापूरच्या त्या पोरांनी घरातल्या खोलीत गादी भिंतीला लावून रेकॉर्डिंग सुरू केलंय. त्यांना तुम्ही पहिली गोष्ट शिकवलीत ती माइकची नाहीच. गाणं तयार झालं त्याच संध्याकाळी, चहा पिता पिता, कुणाचा किती वाटा ते कागदावर लिहा आणि सगळ्यांनी सह्या करा. मी त्या दिवशी तिथे होतो. पोरं आधी संकोचली, दोस्तीत कसली सही म्हणून. सह्या झाल्यावर मात्र चेहरे मोकळे झाले. आमच्या वेळी असं कुणी बसवलं असतं तर किती जोड्या फुटल्या नसत्या.

कुणी हे वाचून अजून कचरत असेल, तर त्यांना माझं सांगणं आहे. तुमची वही फाटकी असू द्या, कॅसेट चालत नसली तरी आतला कागद असेल तर तो आणा, जुनी पावती असेल तर ती आणा. इंग्रजी येत नाही म्हणून थांबू नका. मलाही येत नाही. वर्गणी एकदम जमत नसेल तर तसं सांगा, माझी दोन हप्त्यांत घेतली. आणि आपले वडील, आजोबा गीतकार होते आणि आता नाहीत, अशांच्या घरच्यांनी तर नक्की या. वारसांनाही हक्क असतो, हे फार थोड्यांना माहीत आहे.

ताई, आता एक काम सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीला आईच्या अजून अकरा ओव्या पाठ आहेत, त्यातल्या चार चाली तर मीही विसरलो होतो. पुढच्या महिन्याच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी तिला घेऊन येतो. तिचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. तेवढा माइक खालच्या खोलीत लावायला सांगा.

तुमचा,
वहीवाला काका
सोलापूर