सेनिओच्या काठावरून बोलोन्याकडे

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

इटलीतल्या तुझ्या बोलोन्याच्या पूर्वेला सेनिओ नावाची नदी आहे. पात्र अरुंद, पण दोन्ही काठांना पुरासाठी घातलेले उंच मातीचे बांध. 1945 च्या वसंतात जर्मन सैनिक त्याच बांधांत खंदक खणून बसले होते. महायुद्धाचा शेवट म्हटलं की बर्लिन आणि हिरोशिमा एवढंच आपल्याला शिकवलं गेलं. या नदीचं नाव पुस्तकात नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

9 एप्रिलला ब्रिटिश फौजेतली आठवी भारतीय डिव्हिजन सेनिओवर चालून गेली. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत नामदेव जाधव होते, आपल्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे, वय 23. काम निरोप पोचवण्याचं. नदी ओलांडणारी त्यांची छोटी तुकडी मशीनगनच्या माऱ्यात जवळजवळ संपली. नामदेवांनी आधी काय केलं असेल? दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. मग ते मागे फिरले. मशीनगनचं एक ठाणं बंदुकीने मोडलं, आणि हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून हातबॉम्बांनी आणखी दोन. शेवटी बांधावर चढून शिवरायांचा जयघोष करत त्यांनी उरलेल्या कंपन्यांना नदीपार बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. त्याच दिवशी, त्याच नदीवर, आताच्या पाकिस्तानातल्या कोहाटच्या अली हैदर यांनाही. पारतंत्र्यातल्या देशाची ही पोरं होती, हे विसरू नकोस.

मला मात्र तीन ठाण्यांपेक्षा ते दोन जखमी जास्त मोठे वाटतात. शत्रूवर तुटून पडायला संताप पुरतो. गोळ्यांत माणूस खांद्यावर घेऊन चालायला तो पुरत नाही.

पुढे सगळं भराभर घडलं. 21 एप्रिलला पोलिश सैनिक तुझ्या शहरात शिरले. 29 ला कासेर्ता इथे इटलीतल्या जर्मन फौजांनी शरणागतीवर सही केली, ती अमलात आली 2 मे रोजी. सेनिओ ओलांडून जेमतेम तीन आठवडे! त्या काठावर पडलेल्यांच्या घरी तार पोचेपर्यंत युद्ध संपलंही असेल. हा विचार आला की त्यांच्या आयांसाठी मी रडते.

फोर्लीला भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे, आणि ज्यांना अग्नी दिला त्यांचं स्मारकही. बोलोन्याहून रेल्वेने जाता येतं. फुलं घेऊन जा. मराठा पलटणीची जेवढी नावं सापडतील तेवढी मला लिहून पाठव, गावाचं नाव दिलं असेल तर तेही.

तुझी,
आई