महोदय, माझ्या गोधडीला नमुना क्रमांक नाही

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य
यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एका सरकारी प्रदर्शनात गाळा मिळावा म्हणून मी अर्ज केला होता. सोबत तीन गोधड्यांचे फोटो जोडले होते. पंधरा दिवसांनी अर्ज परत आला. कोपऱ्यात निळ्या शाईने शेरा होता : 'नमुन्यांमध्ये एकसारखेपणा नाही. दरमहा उत्पादन क्षमता अपुरी.'

शेरा मारणाऱ्या साहेबांवर माझा राग नाही. त्यांनी खरं तेच लिहिलं. माझ्या दोन गोधड्या एकसारख्या आजवर झालेल्या नाहीत आणि महिन्याला दोनाच्या वर माझ्याच्याने होत नाहीत. पण या दोन्ही गोष्टी दोष म्हणून लिहिल्या गेल्या, ते मनातून जाईना. म्हणून हे पत्र.

मी कळव्याला राहते. गोधडी शिवायला आजीकडून शिकले. ती साताऱ्याकडची, ती 'वाकळ' म्हणायची. माझ्याकडे कापडाचा साठा नसतो. गिऱ्हाईक आपल्या घरातले जुने कपडे घेऊन येतं, त्यांचीच गोधडी होते. साड्या आधी धुवून वाळवायच्या, फॉल उसवायचा, विरलेला भाग बाजूला काढायचा. मग फरशीवर खालची साडी ताणून पसरायची आणि चार कोपऱ्यांवर पिठाचे डबे ठेवायचे. तिच्यावर आतले थर, वर दुसरी साडी, आणि सगळं हलू नये म्हणून कच्चे टाके. त्यानंतर खरा धावदोरा. तो कडेने सुरू करून फेऱ्या घेत आत आत जायचं, दोन ओळींत एका बोटाचं अंतर. दोरा जरा जास्त ओढला गेला की मध्यावर पोहोचेपर्यंत कापड फुगतं आणि त्या फुगवट्याचं काय करायचं ते तिथेच बसून ठरवावं लागतं. सुती साडी सुईचं ऐकते. पॉलिस्टरची साडी थरांमधून माशासारखी निसटते आणि वर ऊबही देत नाही. हल्ली लोक आणतात त्यात निम्म्या तसल्याच. असो.

आता एका गोधडीची गोष्ट सांगते, कारण तिचा संबंध तुमच्या खात्याशी आहे.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा पिशवी घेऊन आला. पिशवीत पाच निळ्या डांगऱ्या, कारखान्यात घालायचे जाड कपडे. त्याचे वडील ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तीस वर्षं होते. कारखाना बंद पडला, जागेवर काचेची इमारत झाली, डांगऱ्या माळ्यावर राहिल्या. वागळे इस्टेट म्हणजे 1962 साली स्थापन झालेल्या एमआयडीसीची पहिली वसाहत, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या डांगऱ्यांना ऑइलचे डाग होते. मी तीनदा धुतल्या, एकदा सोड्यात उकळल्या, डाग गेले नाहीत. मुलगा म्हणाला, राहू द्या, बाबा ओळखतील.

डांगरीचं कापड जाड. दोन थर एकावर एक आले की सुई अर्ध्यात अडते. त्या गोधडीत माझ्या चार सुया मोडल्या. शेवटी थर कमी केले आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या आईचं मऊ नऊवारी लावलं. खिसे उसवावेत की ठेवावेत, हा प्रश्न होता. एक खिसा तसाच ठेवला, उजव्या हाताला, छातीच्या जरा वर येईल असा. महिन्याभराने मुलाचा फोन आला. म्हणाला, बाबा रात्री चष्मा त्या खिशात ठेवतात.

महोदय, या गोधडीचा नमुना क्रमांक काय लिहायचा? आणि 'याच नमुन्याचे पन्नास नग किती दिवसांत पुरवाल?' या अर्जातल्या रकान्यात काय भरायचं? पन्नास कारखाने बंद पडायची वाट बघू का?

(हे शेवटचं वाक्य खोडणार होते. मग म्हटलं, राहू दे.)

पैशाचंही सांगून टाकते. एका गोधडीला साधारण साठ तास लागतात. दोरा-सुयांचे चारशे रुपये जातात. मी साडेचार हजार घेते. म्हणजे तासाला 68 रुपये पडतात. 2025 च्या सप्टेंबरमध्ये हस्तकलेच्या बऱ्याच वस्तूंवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला, तेव्हा ओळखीच्या दोघातिघांनी माझं अभिनंदन केलं. पण वस्तू विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा 40 लाखांची. मी वर्षाला चोवीस गोधड्या शिवते. तो कर माझ्या गल्लीतही कधी फिरकलेला नाही.

मध्यंतरी कोणीतरी पीएम विश्वकर्मा योजनेचं सुचवलं. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेली ही योजना चांगली आहे, त्याबद्दल दुमत नाही. अठरा व्यवसायांची यादी आहे, प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत आहे, कमी व्याजाचं कर्ज आहे. मी नोंदणीला एका केंद्रावर गेले. यादीत सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, टोपल्या-चटया-झाडू करणारे, बाहुल्या-खेळणी करणारे, मासळीची जाळी विणणारे, सगळे होते. गोधडी नव्हती. तिथला मुलगा सज्जन होता. म्हणाला, "ताई, शिंपी लिहा ना, मशीन घेता येईल."

मी उठून आले. खोटं लिहायचं नव्हतं, आणि मशीन घेऊन करायचं काय? माझं अवजार म्हणजे एक सुई. तीही दर महिन्याला नवी.

हे माझ्या एकटीचं गाऱ्हाणं असतं तर तुमचा वेळ घेतला नसता. पण एक हाती, एकेक वस्तू करणारी माणसं शोधायची मला खोड लागली आहे आणि जिथे जाते तिथे हीच अडचण दिसते. ठाण्यात बाजारपेठेमागच्या एका गल्लीत एक बुरूड काका बसतात. लग्नसराईत सुपं आणि परड्या, एरवी जे मागाल ते. माझे दोरे ठेवायला झाकणाची टोपली हवी होती. मी माप सांगायला लागले तर म्हणाले, "माप ऱ्हाऊ द्या. त्यात काय ठेवनार ते दाखवा." मी पिशवीतली रिळं ओतली. त्यांनी त्यातलं एक उचललं, वीत लावली, मग चार बोटं, आणि कामटी सोलायला घेतली. ओल्या बांबूची कामटी सोलताना बारीक करकर आवाज येतो. तेवढा आवाज ऐकत मी अर्धा तास उभी होते. टोपलीच्या बुडाशी त्यांनी न सांगता एक जाडसर कडं घातलं, का तर माझी फरशी ओली असते असं मी बोलण्याच्या ओघात म्हणाले होते.

ते काका विश्वकर्माच्या यादीत बसतात. तरी ते कुठल्या प्रदर्शनात जात नाहीत. मी विचारलं. दहा बाय दहाचा गाळा, दहा दिवस. एवढा गाळा भरायला त्यांना तीन महिने टोपल्या करून साठवाव्या लागतील, आणि त्या ठेवायच्या कुठे? घर दहा बाय दहाचंच आहे. शिवाय समोर गिऱ्हाईक नसताना टोपली करायची म्हणजे कोणासाठी करायची, हे त्यांना कळत नाही. मलाही कळत नाही.

वारलीचं उदाहरण घ्या. सरकारी कार्यक्रमात पाहुण्याला शाल-श्रीफळाबरोबर वारलीची फ्रेम हमखास मिळते. आनंद आहे. जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरची ही कला कागदावर-कापडावर आणून जगापुढे ठेवली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2014 मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. पण मूळची गोष्ट काय? लग्नघरातली भिंत शेणामातीने सारवायची, वर गेरू, आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्याने सवासिनींनी चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहायचा. मध्ये पालघट देवी. लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी चालू. तो चौक त्या लग्नाचा. दुसऱ्या घरी दुसरा, आणि याच भिंतीवर पुन्हा लिहायचा तर ती आधी परत सारवायची. ज्या कलेचा सगळा जीव या एकदाच होण्यात आहे, तिच्या पाच हजार छापील चादरी ठाण्याच्या रस्त्यावर 'वारली हस्तकला' या पाटीखाली विकल्या जातात. छापील चादर वाईट असते असं मी म्हणत नाही, आमच्याकडेही एक आहे. पाटी वाईट आहे. हातमागाच्या कापडाला 2006 पासून हँडलूम मार्क आहे, निदान ओळखायला काहीतरी आहे. हाताने लिहिलेल्या चौकाला आणि छापील चौकाला मात्र एकच पाटी.

1 ऑगस्ट 2014 ला ठाणे जिल्हा विभागला आणि डहाणू, तलासरी, जव्हार पालघरला गेले. त्यांच्याबरोबर वारली कलाही कागदोपत्री गेली. 'एक जिल्हा, एक उत्पादन' या सरकारी योजनेच्या भाषेत आता आमच्या जिल्ह्याने काय दाखवायचं? येऊरच्या पाड्यांवर अजून वारली कुटुंबं आहेत. ती तर कुठे गेली नाहीत.

आता चांगलं काय पाहिलं तेही सांगते. बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे. ठाण्याहून पनवेल लोकल पकडली की थेट. तिथे निरनिराळ्या राज्यांतले कारागीर येतात, काही जण बसून काम करून दाखवतात. एकदा कच्छकडची एक बाई भेटली. तिला मराठी येत नव्हतं, मला तिची भाषा येत नव्हती. मी पिशवीतून माझं अर्धवट काम काढलं. तिने माझा टाका बोटाने चाचपला, मान हलवली, आणि कोपरा दुमडायची तिची रीत मला दोन मिनिटांत दाखवली. ती रीत मी आता वापरते. परतताना लेडीज डब्यात गोधडी मांडीवर होती. शेजारच्या बाईने हात लावला, तिच्या पलीकडचीने लावला, सीवूड्सला चढलेल्या एकीने तर गालाला लावून पाहिली. तुर्भे यायच्या आत एक ऑर्डर ठरली होती. आईच्या साड्या, पुढच्या रविवारी घेऊन येते म्हणाली. आली.

ही ऑर्डर ठरायला गाळा लागला नाही, दहा दिवस लागले नाहीत, पन्नास नग लागले नाहीत. वस्तूला हात लावायला मिळाला आणि करणारी समोर बसली होती, एवढं पुरलं.

म्हणून मागणं अगदी थोडं आहे. वागळे इस्टेटमध्ये एमआयडीसीची एखादी मोकळी शेड असेल, तर महिन्यातून एक रविवार ती आम्हाला द्या. गाळे पाडू नका. चार फुटी टेबलं मांडा, एका दिवसाचं भाडं दोनशे रुपये ठेवा. एका टेबलावर एकच वस्तू असली तरी चालेल, अर्धवट असली तर आणखी बरं. विकण्याइतकीच ऑर्डर घेण्याचीही सोय असू द्या. निवड करायची तर फोटो मागवू नका, वस्तू हातात घेऊन बघणारं माणूस ठेवा. जी वस्तू छापील किंवा मशीनवरची आहे, तिच्यावर तसं लिहायला लावा. विकायला बंदी नको, लिहिलेलं असू द्या म्हणजे झालं. बस कुठली येते वगैरे आम्ही बघून घेऊ.

आणि त्या अर्जाचं. 'दरमहा उत्पादन क्षमता' हा रकाना काढून टाका असं मी म्हणत नाही. लोणची-पापड करणाऱ्या बचत गटांना तो हवाच. त्याच्याखाली फक्त एक ओळ वाढवा : 'एकेक नग, मागणीप्रमाणे'. टायपिंगचं दोन मिनिटांचं काम आहे. त्या ओळीसमोर बुरूड काका टिक करतील, मी करीन, आणखी कोण कोण करेल ते तुम्हालाच दिसेल. आजवर आमची मोजदाद झाली नाही, कारण आम्हाला बसायला चौकोनच नव्हता.

पहिल्या रविवारी आपण यावं. डांगरीची गोधडी दाखवता येणार नाही, ती रोज वापरात आहे. पण तेव्हा जे काही हातात असेल ते टेबलावर असेल. हात लावून बघा.

यंदाचे अर्ज परवापासून मिळणार आहेत असं कळलं. मी पुन्हा भरणार आहे. उत्पादन क्षमतेच्या रकान्यात याही वर्षी 'दोन' असंच लिहीन.

कळावे,
आपली नम्र,
गोधडी शिवणारी एक बाई
कळवा, ठाणे