फोर-स्ट्रोक स्वस्तात घ्या, पण व्हॉल्व्ह बघून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला रेडिओ कंट्रोल विमानांवरचा लेख वाचला. बाल्सा, सर्व्हो, ग्लो प्लग यांना मराठी पेपरात पानभर जागा मिळाली याचं कौतुक आहेच. पण लेखासोबत ‘कमी खर्चात फोर-स्ट्रोक’ इंजिन अशी जी चौकट होती, ती लिहिणाऱ्याने टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, कधी लावलेलं नसावं. तीत दोन सल्ले होते. एक, .४० (घन इंच मापाच्या) टू-स्ट्रोक इंजिनाच्या जागी .४० चंच फोर-स्ट्रोक बसवा. दोन, ब्रँडच्या नादी लागू नका, सर्वांत स्वस्त मिळेल ते घ्या, आतून सगळी सारखीच असतात. पहिला सल्ला ऐकला तर विमान रडतखडत उठेल. दुसरा ऐकला तर पैसे पाण्यात.

मी उद्यमनगरात टूलरूम फिटर म्हणून नोकरी केली. शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांवर हात बसलेला, आणि मॉडेलच्या इंजिनांचा नाद एनसीसीच्या एअर विंगपासूनचा. आमच्या गल्लीतला इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा आपल्या पेपरातली ती चौकट कापून घेऊन आला आणि म्हणाला, “काका, यातलं कुठलं घेऊ?” म्हणून हा पत्रप्रपंच.

या मुलाला एचटी-२ चं मॉडेल करायचंय. एचटी-२ म्हणजे हिंदुस्थान एअरक्राफ्टचं १९५१ साली पहिल्यांदा उडालेलं शिकाऊ विमान, आपल्या डॉ. वि. मा. घाटगे यांनी डिझाइन केलेलं. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे १०.७ मीटर. एकास सहा या प्रमाणात केलं तरी मॉडेल पावणेदोन मीटरच्या वर जातं आणि सगळं धरून वजन साडेतीन-चार किलोच्या घरात. अशा विमानाला मोठा प्रॉपेलर सावकाश फिरवणारं इंजिन लागतं. टू-स्ट्रोक छोटा प्रॉपेलर सुसाट पळवतं, त्यात जोर असतो, पण मग जुनं शिकाऊ विमान डासासारखं गुणगुणत जातं.

इथेच त्या चौकटीची पहिली चूक कळते. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दर फेऱ्याला एक स्फोट. फोर-स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांना एक. दहा हजार आरपीएमवर टू-स्ट्रोक मिनिटाला दहा हजार वेळा ढकलतं, फोर-स्ट्रोक पाच हजार वेळा. आवाज खर्जातला येतो तो त्यामुळेच, आणि तेवढ्याच मापात ताकद कमी पडते तीही त्यामुळेच. म्हणून टू-स्ट्रोकपेक्षा फोर-स्ट्रोक तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्याने मोठं घ्यायचं, ही जुनी रीत. .४० च्या ट्रेनरला .५२, म्हणजे साधारण साडेआठ सीसी. .६० च्या विमानाला .९१, म्हणजे पंधरा सीसी; अगदीच नाही तर .७०, म्हणजे साडेअकरा. (हे आकडे घन इंचातले. एक घन इंच म्हणजे १६.४ सीसी, एवढं लक्षात ठेवलं की दुकानदार गोंधळ घालू शकत नाही.) त्यात कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. हवा विरळ असल्याने पाच टक्के ताकद इथेच जाते, आणि एप्रिलच्या दुपारी आणखी. मी त्याला .९१ बघायला सांगितलं, मिळालंच नाही तर .७०. प्रॉपेलर (इंचात, व्यास बाय पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं माप) .९१ ला १४ बाय ६, .७० ला १३ बाय ६ पासून सुरुवात.

आता खर्चाचं. फोर-स्ट्रोक मॉडेल इंजिन कारखान्यातून तयार मिळू लागलं ते १९७६ मध्ये, जपानच्या ओ.एस. कंपनीच्या एफएस-६० पासून. त्यानंतर सायटो, एन्या आले, पुढे तैवानचं थंडर टायगर, चीनचं एएसपी आणि तेच मॅग्नम या नावाने. नवं जपानी घ्यायचं तर कस्टम ड्यूटी, कुरिअर धरून जो आकडा होतो तो या मुलाच्या आवाक्याबाहेर. पण गेल्या काही वर्षांत जुने हौशी लोक बॅटरीच्या विमानांकडे वळले आणि त्यांची इंजिनं कपाटात पडून आहेत. ओ.एस. एफएस-७० सरपास, एफएस-९१, सायटोचं ७२ किंवा ९१, एएसपी ९१ ही हाताला लागू शकतात. वापरलेलं घ्यायला लाजू नये. उलट मी म्हणेन, चांगल्या हातातलं जुनं ओ.एस. हे कुठल्याही अनोळखी नव्या स्वस्त इंजिनापेक्षा बरं. त्याची सुटे भाग दाखवणारी चित्रं, टॅपेटची मापं सगळी छापील उपलब्ध आहेत आणि त्याच्या दुरुस्तीत आजवर कुणीतरी डोकं घातलेलं आहे.

एएसपीला मात्र मी नावं ठेवणार नाही. रचना सरपासच्या वळणावरची, धातू बरा, नीट चालवलं तर वर्षानुवर्षं चालतं. खोट निघते ती जुळवणीत: एखाद्याचं टॅपेट ढिलं, एखाद्याच्या कार्ब्युरेटरमध्ये बर, म्हणजे धातूची राहिलेली कुसळ. घेतल्या घेतल्या एकदा उघडून, धुऊन, पुन्हा जोडलं की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. फक्त दिसायला सारखं म्हणून ओ.एस.चे भाग त्यात डोळे झाकून घालू नयेत. सायटो वजनाला हलकं, त्याचं हेड आणि सिलिंडर एकाच तुकड्याचं. हेड गॅस्केट नावाची कटकटच नाही. पण व्हॉल्व्ह लॅप करायची (पेस्टने घासून सीटवर नीट बसवायची) वेळ आली तर सिलिंडरच्या नळीतून आत काम करावं लागतं, ते नवख्याचं काम नव्हे. ओ.एस.चं हेड स्क्रू काढले की हातात येतं. म्हणून पहिलं फोर-स्ट्रोक ओ.एस. किंवा एएसपी, दुसरं हवं तर सायटो, असं माझं मत.

पेट्रोलवर चालणारी फोर-स्ट्रोकही आता मिळतात, सायटोची लहान आणि एनजीएच या चिनी कंपनीची ३० आणि ३८ सीसीची. पंपावरचं पेट्रोल आणि तेल, चालवायला अगदी स्वस्त. पण त्याला इग्निशनचा डबा, त्याची वेगळी बॅटरी, आणि विमान त्या मानाने थोरलं. या मुलाच्या एचटी-२ ला ते झेपणार नाही.

आता जुनं इंजिन कसं बघायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण चौकटीत यावर एक ओळही नव्हती.

त्या मुलाने पुण्याहून एक एफएस-९१ आणून माझ्या बाकावर ठेवलं. बाहेरून एरंडेलाने भाजून तपकिरी झालेलं. तपकिरी रंगाला घाबरू नये, तो चालल्याचा पुरावा आहे. घाबरायचं ते गंजाला. प्रॉपेलर लावून प्लगशिवाय हळूहळू फिरवलं. बोटांना बारीक खरखर लागली, कानाला जवळजवळ ऐकूच येत नव्हती. ती मागच्या बेअरिंगची. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, उडवून झाल्यावर टाकीतलं इंधन संपवून आत तेल सोडलं नाही की पहिलं बळी जातं ते हेच बेअरिंग. मग प्लग लावून एका एका फेऱ्याला कंप्रेशनवर थांबवून कान दिला. एक्झॉस्टमधून फुस्स आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आलं तर इनटेक, ब्रीदरच्या (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या) निपलमधून आलं तर पिस्टनची रिंग. ब्रीदरमधून थोडं येणारच, त्याचा बाऊ करू नये. आमचं एक्झॉस्टला येत होतं. प्लगच्या भोकातून दोन थेंब तेल सोडून पुन्हा बघितलं, कंप्रेशन वाढलं नाही, म्हणजे रिंग निर्दोष ठरली आणि दोषी व्हॉल्व्ह सापडला. शेतीच्या इंजिनावर आम्ही हेच करायचो, तिथे थेंबांऐवजी चमचा.

विकणाऱ्याला फोनवर एवढंच सांगितलं की बेअरिंग गेलंय आणि व्हॉल्व्ह गळतोय. त्याने कुरकुर न करता किंमत उतरवली. बेअरिंगसाठी जपानला पत्र लिहायची गरज नाही. जुनं काढून कड्यावर कोरलेला नंबर वाचला, शाहूपुरीत बेअरिंगच्या दुकानात त्याच मापाचं सी-३ क्लिअरन्सचं (आत जरा सैल असलेलं) मिळालं. मागचं बेअरिंग उघडंच ठेवायचं, रबरी सील असेल तर सुईने उचलून काढायचं, नाहीतर तेलाची वाफ आत पोचत नाही. केसिंग गरम करून लाकडावर आपटलं की जुनं बेअरिंग आपसूक गळतं. हातोडी आणि ड्रिफ्ट घेऊन बसू नये. तपकिरी थर रेडिएटरच्या कूलंटमध्ये मंद आचेवर तासन्‌तास ठेवल्याने सुटतो. हे काम अंगणात करावं, आणि ते पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये, कूलंट विषारी असतं. व्हॉल्व्हच्या सीटवर गाळाची पापडी होती, ती निघाली आणि बारीक पेस्टने हलकं लॅपिंग केलं तेव्हा फुस्स बंद झालं.

टॅपेट थंड इंजिनावर, कंप्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असताना, लावायचं. ओ.एस.साठी ०.०४ ते ०.१० मिलिमीटर. ०.०४ ची पट्टी सहज जावी, ०.१० ची जाऊ नये. गॅप शून्य झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कंप्रेशन जातं आणि पोरं म्हणतात ‘इंजिन फुकट गेलं’. मी फुकट गेलेली म्हणून टाकलेली इंजिनं नुसतं टॅपेट लावून चालू केलेली आहेत. ज्यांच्याकडे फीलर गेज नाही त्यांनी ते इंजिनाच्या आधी घ्यावं, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. नव्या किंवा नव्याने जोडलेल्या इंजिनाला पहिल्या काही टाक्यांनंतर टॅपेट परत तपासावं.

एचटी-२ मध्ये आणखी एक पेच आहे. मूळ विमानात सिरस मेजर हे उलटं, सिलिंडर खाली असलेलं इंजिन होतं. मॉडेलचं नाक तसं दिसायचं तर इंजिन उलटं बसवावं लागणार. उलट्या इंजिनात इंधन आणि तेल हेडमध्ये उतरून साठतं. तशात इलेक्ट्रिक स्टार्टर लावला तर द्रव दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दरवेळी स्टार्टरआधी हाताने दोन पूर्ण फेरे सावकाश द्यायचे, अडलं तर प्लग काढून रिकामं करायचं. हात प्रॉपेलरच्या मागून, आणि जाड हातमोजा. निडल (इंधन कमीजास्त करणारा स्क्रू) सर्वांत जास्त आरपीएमला नेऊन मग दोनतीनशेने रिच, म्हणजे जास्त इंधनाच्या, बाजूला आणून ठेवायची. लीन, म्हणजे कमी इंधनावर, चाललेलं फोर-स्ट्रोक उलटा झटका मारून प्रॉपेलर फेकतं, म्हणून त्याला दुसरा लॉकनट असतो. जुन्या इंजिनासोबत तो नट बहुधा हरवलेलाच असतो, तो मागून घ्यावा. प्लग फोर-स्ट्रोकचा, ओ.एस.चा टाइप एफ. टू-स्ट्रोकचा साधा प्लग लावून आयडलला (मंद चालीला) बंद पडतंय म्हणणारे मी पाहिलेत.

ज्याला नुसतं उडवायला शिकायचंय त्याने यातलं काहीही करू नये. ब्रशलेस मोटर, लिपो बॅटरी, फोमचं विमान, आणि दोन-चार वेळा आपटून शिकावं. खर्चात बॅटरी जिंकते, हे मान्य. फोर-स्ट्रोक ज्याला हवं आहे त्यालाच हवं असतं.

शेवटचं इंधनाचं, आणि हे आपण ठळक छापावं अशी विनंती. ग्लो इंजिनाचं, म्हणजे तापलेल्या तारेच्या प्लगवर चालणाऱ्या या इंजिनांचं, इंधन म्हणजे मुख्यतः मिथेनॉल, त्यात पंधरा ते वीस टक्के एरंडेल किंवा सिंथेटिक तेल आणि थोडं नायट्रोमिथेन. आमच्या फोर-स्ट्रोकांना पाच टक्के नायट्रो पुरतं, आयडल हलत असेल तर दहा. नायट्रो महाग, म्हणून हा आकडा खिशाचाही आहे. पण खरा प्रश्न मिथेनॉलचा. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती याच मिथेनॉलने. केमिकलवाला कागदपत्रं मागतो, कशाला हवंय विचारतो, तर त्याच्यावर चिडू नये, त्याने विचारलंच पाहिजे. मुलांनी परस्पर कुठून ड्रम मिळवू नये. कॉलेजच्या लॅबमार्फत, सरांच्या सहीने, लागेल तेवढंच घ्यावं किंवा हॉबीच्या दुकानातून सीलबंद तयार इंधन घ्यावं. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ते कधीही ओतू नये. त्याची ज्वाला उन्हात दिसत नाही, कातडीतून ते अंगात भिनतं, पोटात गेलं तर आधी डोळे जातात. पुढच्या रविवारी चौकटीची दुरुस्ती छापणार असाल तर .४० आणि .५२ चा हिशेब खाली गेला तरी चालेल, ही बाटलीची सूचना वर घ्या.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फिटर,
उद्यमनगर, कोल्हापूर