रात्री नऊची सही, दुपारी चार वाजता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझा थोरला भाऊ गेली नऊ वर्षं एका परवानाधारक निवासी काळजी केंद्रात राहतो. त्याला बायपोलर आजार आहे (मन कधी अतिउत्साहात, कधी खोल उदासीत जातं), त्यावर मन स्थिर ठेवणारं लिथियम चालू आहे. मी स्वतः सव्वीस वर्षं मनोविकार विभागात परिचारिका होते. त्यामुळे दादाला भेटायला गेले की आधी त्याचा चेहरा बघते, मग हात थरथरतोय का ते, आणि निघताना काउंटरवरचा औषधांचा तक्ता. गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी चार वाजता पाहिलं तर रात्री नऊच्या रकान्यात सह्या झालेल्या होत्या. बावीस जणांच्या, एकाच हाताच्या, एकाच पेनाने.

ड्यूटीवरच्या मुलाला विचारलं. तो जराही न दचकता म्हणाला, "काकू, रात्री फार घाई होते, म्हणून आधीच करून ठेवतो. गोळ्या देतो ना सगळ्यांना!" देत असेलच. पण दादा त्या गोळ्या गिळत नव्हता. गालात धरून ठेवायचा आणि नंतर बेसिनमध्ये थुंकायचा. हे त्यानेच मला पुढे सांगितलं.

आता साखळी बघा. तक्त्यावर सह्या पूर्ण, आणि दादा तर रात्र रात्र जागा, अखंड बोलतोय. डॉक्टरांनी तक्ता पाहिला आणि औषध पुरेनासं झालंय असं धरून डोस ९०० मिलिग्रॅमचा १२०० केला. रक्तातलं लिथियम तपासलं नाही. फाइलमधला शेवटचा रिपोर्ट अकरा महिन्यांपूर्वीचा होता. पुढच्या महिन्यात नव्या सिस्टर आल्या. कामाला चोख, गोळी गिळून तोंड उघडून दाखवल्याशिवाय हलायच्या नाहीत. म्हणजे दादाच्या पोटात वाढवलेला डोस पहिल्यांदाच पूर्ण जाऊ लागला. त्यातच दोन दिवस जुलाब झाले, गुडघा दुखतो म्हणून कोणीतरी कपाटातली आयब्युप्रोफेन दिली. शरीरातलं पाणी कमी झालं की लिथियम वाढतं, आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही वाढतं. तिसऱ्या दिवशी दादाला धड चालता येईना, जीभ जड झाली. रुग्णालयात रक्त तपासलं तेव्हा लिथियम १.९ निघालं. एरवी ते लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलीमोलच्या दरम्यान ठेवतात आणि दीडच्या पुढे विषबाधेची भीती असते. सहा दिवस तो तिथे होता. बोलणं अजूनही मधूनच अडखळतं.

यात खलनायक कोणी नाही. सर्वांत मोठी चूक आळशी माणसाची नव्हतीच. काम चोख करणाऱ्या सिस्टरच्या हातूनच डोस जास्त गेला, कारण तिच्या हाती आलेला कागद खोटा होता. आणि खरं सांगायचं तर तरुणपणी, चाळीस रुग्ण आणि मी एकटी अशा रात्री, मीही आधी सह्या करून ठेवल्या आहेत. तेव्हा वाटायचं, सही म्हणजे आपल्या कामाचा पुरावा. डॉक्टर तिच्यावरून डोस ठरवतात, हे दादाच्या खाटेशी बसल्यावर नीट कळलं.

काळजी केंद्रांना परवाना देताना खोल्या मोजतात, आग विझवायची साधनं बघतात. औषधांचं कपाट कुलूपबंद आहे का हेही बघतात. माझं म्हणणं इतकंच की त्या कपाटातल्या औषधांचा तक्ताही न सांगता येऊन, दुपारी चार वाजता बघावा. सही गोळी गिळल्यावरच व्हावी. नाही घेतली, थुंकली, झोपला होता, तर रकान्यात तसंच लिहावं, आणि लिहिणाऱ्याला त्यासाठी बोलणी बसू नयेत. सगळे रकाने भरलेला तक्ता दिसला की खरं तर तपासनिसाला शंका यायला हवी. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाच्या बाबतीत तर दोन दिवसांहून अधिक खंड पडला की जुना डोस थेट देत नाहीत, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढत जावं लागतं. खंड लपवला तर डॉक्टरांना हे कळणार कसं?

रक्ततपासणीची पुढची तारीखही त्याच तक्त्यावर हवी. लिथियमचं रक्त शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी घ्यायचं असतं. सकाळची गोळी देऊन मग नमुना घेतला तर आकडा फसवा येतो. क्लोझापिनवरच्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या पेशी घटून आठ रुग्ण दगावले, तेव्हापासून हा धडा आहे. त्याच औषधाने होणारी बद्धकोष्ठताही जिवावर बेतू शकते, पण शौचाची नोंद ठेवायला सगळ्यांनाच लाज वाटते.

सगळ्यात जास्त घोळ ‘एसओएस’ म्हणजे गरजेनुसार द्यायच्या औषधांत असतो. गरज कोणाची? मी अशा चिठ्ठ्या पाहिल्यात ज्यांवर नुसतं ‘अस्वस्थ असल्यास’ लिहिलेलं असतं. रात्री दोनला एखाद्या आजी दार वाजवतात, घरी जायचं म्हणतात. ही अस्वस्थता त्यांची की शिफ्टवरच्या माणसाची? त्यांना आधी लघवीला न्यावं, कुठे दुखतं का विचारावं, जरा शेजारी बसावं. गोळी त्यानंतर. चिठ्ठीत कोणत्या लक्षणाला, किती, चोवीस तासांत जास्तीत जास्त किती वेळा हे हवं आणि दिल्यावर तासाभराने काय झालं याची ओळ हवी. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या वृद्धांना नव्या पिढीची मनोविकारविरोधी औषधं देण्याबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच माहितीपत्रकावर चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला आहे. साधारण दहा आठवड्यांच्या चाचण्यांत ही औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे ४.५ टक्के दगावले, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २.६ टक्के. रात्र शांत जावी म्हणून पत्करावी अशी ही जोखीम नव्हे.

एवढं लिहीत बसलो तर गोळ्या कधी देणार, असं कर्मचारी म्हणतील. बरोबर आहे. बावीस जणांना एका माणसाने घाईघाईत औषध द्यायचं ठरवलं तर सही आधीच होणार. रात्रीच्या फेरीला दोन माणसं हवीत आणि ती परवान्याच्या अटीतच हवीत.

दादाने गोळी का थुंकली हे मात्र त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्या गोळ्यांनी हात थरथरतो, शर्टाची बटणं लावता येत नाहीत, म्हणून. त्याने तसं दोनदा सांगितलंही होतं. हल्ली तो दर तपासणीला आपला आकडा विचारून वहीत लिहितो. परवा फोनवर म्हणाला, "०.७ आहे, काळजी करू नकोस."

माझं नाव छापू नये ही विनंती. दादा अजून त्याच केंद्रात आहे आणि त्याला तिथेच राहायचं आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका